अडकलेली कात

एकदा एक नावाडी आपल्या मुलीचे तेरावे आटोपून खाडीपलीकडच्या एका वृद्ध विषवैद्याच्या दारी जाऊन बसला, आणि दहा महिने लोटले तरी घरी परतला नाही.

त्याचे नाव जानू. खाडीच्या दोन्ही तीरांवरील माणसे त्याला ओळखत, कारण ती सर्व त्याच्याच नावेतून ये-जा करीत. पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. ओहोटी कोणत्या क्षणी लागेल, चिखल कोठे उघडा पडेल, हे तो आकाशाकडे न पाहता सांगे, आणि या ज्ञानाचा त्याला थोडा ताठाही होता. वैशाखातील एका दुपारी त्याची नऊ वर्षांची मुलगी तानी हिला डोंगराच्या उतारावर नागाने दंश केला. वैद्याचे घर समोरच्या तीरावर होते. जानूची बायको येसू म्हणाली, "पाणी उतरायला लागलंय. वळशाने न्या, जमिनीवरून."

"मला पाणी शिकवतेस?" जानू म्हणाला. "अजून अर्धी घटका आहे."

पण अर्धी घटका उरली नव्हती. नाव खाडीच्या मध्यावर चिखलात रुतली. कमरेएवढ्या चिखलातून मुलीला खांद्यावर घेऊन तो पैलतीरी पोचला तेव्हा वैद्याने तिची नाडी पाहिली, आणि तिचा हात हळूच खाली ठेवला. दोन कोसांच्या वळशाने नेली असती तर ती वाचली असती किंवा नाही, हे कोणासच सांगता येण्यासारखे नव्हते. म्हणूनच तो प्रश्न जानूच्या मनातून कधी उठून गेला नाही.

त्या तेरा दिवसांत येसूने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. बोल लावला असता तर ते त्याला सोसले असते. ती भिंतीकडे तोंड करून बसे आणि तो उंबऱ्यावर बसे. आपले तोंड दिसते तोवर हिला तेच आठवत राहणार, असे त्याच्या मनाने घेतले. चौदाव्या दिवशी त्याने नावेची वल्ही मेहुण्याच्या स्वाधीन केली आणि तो निघाला.

वैद्य वयाने सत्तरीच्या पुढे गेलेला, एकटा, आणि बोलण्यात अत्यंत काटकसरी होता.

"कशासाठी शिकायचंय?" त्याने विचारले.

"दुसऱ्या कोणाचं मूल तरी वाचावं म्हणून, वैद्यबाबा."

"हे म्हणायला चांगलं आहे. खरं कारण सापडलं की सांग. तोवर अंगण झाड."

जानू अंगण झाडू लागला. वनस्पती कुटल्या, मुळ्या वाळवल्या, रोग्यांना पाणी दिले. कोणी वाचे, कोणी वाचत नसे. वैद्य दोन्ही वेळा सारख्याच शांतपणे हात धुई. त्या अंगणातून खाडीपलीकडे जानूचे स्वतःचे छप्पर दिसत असे. सायंकाळी त्या छपरातून धूर निघाला म्हणजे येसूने चूल पेटवली असे तो समजे आणि भाकरीचा तुकडा मोडी. ज्या दिवशी धूर दिसत नसे त्या दिवशी त्याला घास उतरत नसे. एवढाच काय तो त्या दोघांचा संसार उरला होता, आणि त्यातील अर्ध्याला उरलेल्या अर्ध्याची खबरही नव्हती.

श्रावणात परड्यातील कुजक्या गवताचा ढीग उपसताना आत सापाची अंडी सापडली. बहुतेक वाया गेली होती. एकातून दीड वितीहून थोडे मोठे पिल्लू बाहेर आले. वैद्याने ते तळहातावर घेऊन निरखले.

"धामण आहे," तो म्हणाला. "ही तू सांभाळ."

जानू दोन पावले मागे सरला. "मी? वैद्यबाबा, माझ्या मुलीला..."

"तो नाग होता. ही धामण आहे. ज्याला या दोघांतला भेद भीतीमुळे दिसत नाही, त्याला मी पुढचं काय शिकवू?"

"चावली तर?"

"चावेल. दात आहेत तिला. विष नाही."

पाच दिवस जानूने वेताच्या पेटीचे झाकण काठीने उघडले आणि काठीनेच लावले. सहाव्या दिवशी त्याने हात घातला. ती चावली. त्याने रक्त पुसले, आणि का कोण जाणे, त्याला बरे वाटले. पुढे तो विहिरीच्या कडेची लहान बेडके पकडून तिला घालू लागला. शरद सरता सरता ती त्याच्या मनगटाभोवती वेढा घेऊन निश्चिंतपणे पडून राहू लागली. त्या शीतल वेढ्याचे त्याला नवल वाटे. घर सोडल्यापासून त्याच्या अंगाला आपण होऊन स्पर्श करणारा तो एकच जीव होता.

पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत तिने चार वेळा कात टाकली. सकाळी पेटीत पाहावे तो उलट्या काढलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखी सबंध कात एका बाजूला पडलेली, आणि दुसऱ्या बाजूला ती स्वतः, नुकत्या घासलेल्या भांड्यासारखी लखलखीत. हे कसे घडते, ते त्याने कधी पाहिले नव्हते. ज्या ज्या वेळी तिचे डोळे गढुळत, त्या त्या वेळी वैद्य पेटी आपल्या खोलीत नेई आणि आठवड्याने परत आणून ठेवी.

माघ सरत असताना जानूचा मेहुणा गणू त्याला भेटावयास आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"पुन्हा रुतवलीस ना?" जानूने विचारले.

"तिसऱ्यांदा. लोक आता माझ्या नावेत बसताना घरच्यांचा निरोप घेऊन येतात," गणू म्हणाला आणि ओसरीवर टेकला. नंतर त्याचा चेहरा पालटला. "दाजी, घरी चला."

जानू वाळत घातलेल्या मुळ्या उलटू लागला.

"अक्का बोलत नाही. स्वयंपाक करते, पाणी भरते, सगळं करते, पण बोलत नाही. बायकांनी तानीचे कपडे बांधून देऊन टाकले. म्हणाल्या, नजरेसमोर नकोत. आमच्या आत्याने तर तोंडावर सांगितलं, वय आहे अजून, दुसरं होईल, हे विसर. त्या दिवसापासून ती आत्याच्या हातचं पाणीही घेत नाही."

"आत्याने असं बोलायला नको होतं."

"नको होतं ना? मग बोलायला हवं होतं ते माणूस कुठे आहे?"

"गणू, माझ्याकडे पाहिलं की तिला ती नावच दिसणार. तिला तिच्या मनाने सावरू दे. मी मध्ये आलो नाही तर लवकर सावरेल. असल्या गोष्टीत कोणी हात घालू नये."

गणूची दृष्टी जानूच्या मनगटाकडे गेली. धामण डोके उचलून त्याच्याकडेच पाहत होती.

"वा!" तो म्हणाला. "सापाच्या पिल्लाला हाताने बेडूक भरवता. बायकोच्या बाबतीत मात्र हात घालू नये." आणि चहाही न घेता तो उतारावरून खाली गेला. त्याची नाव रुतली असल्यामुळे त्याला भरतीची वाट पाहत दोन प्रहर तीरावर बसावे लागले. जानूला तो अंगणातून दिसत होता. तरीही त्याला पुन्हा वर बोलवावे, असे जानूच्या जिभेवर आले नाही.

फाल्गुनात कोरडा वारा सुटला. धामणीची कांती निस्तेज झाली, पोट फिकटले, आणि डोळ्यांवर दुधासारखी निळसर साय धरली. त्याच सकाळी डोंगरावरच्या वाडीतून बोलावणे आले. तेथे लाकडाच्या राशी हलवताना दोघांना दंश झाला होता. विषवैद्याला बोलावणे आले की हातातला घास टाकून निघावे, हा त्याच्या घराण्याचा दंडक. वैद्याने झोळी खांद्याला लावली, पेटीत डोकावून पाहिले आणि तो म्हणाला, "हिचे डोळे दुधाळलेत. आता आठ दिवस हिला हात लावू नकोस. दिसत नाही तिला अशा वेळी, स्पर्शाने बिचकते." इतके सांगून तो चालू लागला.

जानूने ही आज्ञा शिरोधार्य मानली, आणि तिच्यात आपल्या पदरची पुष्कळ माया घातली. पेटीत जांभ्याचा एक खडबडीत दगड कायम असे. आंधळी असताना हिला तो खरचटेल म्हणून त्याने तो काढला. खाली गोणपाटाचा ओला तुकडा असे. तो काढून त्याने सावरीचा मऊ कापूस अंथरला. पाण्याचे परळ लवंडेल म्हणून तेही उचलले. नंतर झाकण सुतळीने बांधून, कोणाची चाहूलही लागू नये यासाठी, पेटी चुलीवरच्या माळ्यावर नेऊन ठेवली. तेथे ऊब होती, अंधार होता आणि शांतता होती. आपल्यावर असे संकट आले असते तर आपण अशीच जागा मागितली असती, असे त्याला वाटले.

रोज स्वयंपाक करताना तो मान वर करून माळ्याकडे पाही. आवाज येत नसे. सर्व ठीक चालले आहे, अशी तो खूणगाठ बांधी.

नवव्या दिवशी त्याने पेटी खाली आणली आणि झाकण उघडले.

धामण कापसात निपचित पडली होती. कात निघाली नव्हती. ती जागच्या जागी फाटून वाळली होती. पाठीवर तिचे पापुद्रे जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे उभे राहिले होते आणि त्यांना कापसाचे तंतू चिकटले होते. दोन्ही डोळ्यांवर पांढरी खपली. शेपटीच्या टोकाशी वाळलेल्या कातीचे कडे आवळून बसले होते आणि त्याच्यापुढचे टोक काळसर पडू लागले होते. त्याने पुढे केलेल्या बेडकाकडे तिने तोंडही वळवले नाही. त्याचा हात लागताच तिने हवेत भलतीकडे चावा घेतला आणि तिचे डोके पेटीच्या वेतावर आपटले.

माणूस घाबरला म्हणजे जे करतो तेच जानूने केले. मानेजवळचा एक पापुद्रा नखाने धरला आणि ओढला. पापुद्रा निघाला, त्याखाली कोवळ्या खवल्यांतून रक्ताचा एक थेंब वर आला. त्याने हात मागे घेतला. मग त्याला ओढवेना, आणि झाकण लावून दूरही जाववेना. पेटी मांडीशी घेऊन तो दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत ओसरीवर बसून राहिला. पैलतीरी सायंकाळी धूर निघाला की नाही, हे त्या दिवशी त्याने प्रथमच पाहिले नाही.

वैद्य आला तो थकून आला. वाडीतल्या दोघांपैकी एक वाचला होता. पेटीत पाहताच त्याने झोळी तशीच खाली टाकली.

"मी हात लावला नव्हता, वैद्यबाबा," जानू म्हणाला. "आठ दिवस पाहिलंदेखील नाही. एक पापुद्रा ओढला तो काल. जगेल का ही?"

"पाणी कोमट कर. हाताला ऊन लागेल इतकं नको."

पसरट परातीत चार बोटे पाणी घेऊन वैद्याने धामणीला त्यात सोडले आणि वर ओले गोणपाट झाकले. घटकाभर दोघेही परातीजवळ बसून होते. मध्येच वैद्य आपली बोटे पाण्यात बुडवून पाही आणि निवले असेल तर ऊन पाणी घाली. नंतर त्याने आपला जाडाभरडा पंचा भिजवला, पिळला, धामणीला त्यात गुंडाळले आणि ते गाठोडे जानूच्या हातात दिले.

जानू चमकला. ज्याने हात लावू नकोस म्हणून बजावले, तोच आता ते जनावर त्याच्या मुठीत देत होता.

"मूठ कर," वैद्य म्हणाला. "पंच्यावरून. डोक्यामागे. सैल."

"ओढू?"

"नाही."

"मग सोडू?"

"नाही."

"मग करू तरी काय, बाबा?"

"धरून बस. सैल म्हणजे किती, ते ती सांगेल."

प्रथम काहीच घडले नाही. मग पंच्याच्या ओल्या, खरखरीत घडीतून धामण पुढे सरकू लागली. जानूला आपल्या मुठीत तिच्या अंगाचा स्नायूनस्नायू कळत होता. तिने जोर केला की तो नकळत मूठ आवळी, आणि ती थांबे. तो मूठ अगदीच ढिली सोडी, तेव्हा ती कातीसकट पुढे घसरे आणि काही साधत नसे. तीन-चार वेळा असे झाल्यावर त्याच्या हाताला माप सापडले. आता तिचे जबड्यावरचे पापुद्रे पंच्याला अडकून राहिले आणि ती त्यांच्यातून बोटभर बाहेर आली. मग आणखी बोटभर. मानेवर कालची जखम होती तेथे ती थबकली. जानूचे सर्व बळ बोटांत एकवटले. थोडे ओढले असते तर तेवढे निघाले असते. त्याने ओढले नाही. काही वेळाने तीच पुढे निघाली. एका पापुद्र्याबरोबर उजव्या डोळ्यावरची खपली सुटली, आणि खाली काळाभोर, ओला, जिवंत डोळा दिसला.

ऊन अंगणातून कुंपणापर्यंत सरकले. शेपटीचे कडे सर्वांत शेवटी निघाले. त्यापुढचे नखाएवढे टोक मात्र वाळले होते. ते आता गळून जाणार होते. डावा डोळा अजून पांढराच होता.

"एवढा एक राहिला," जानूने हात पुढे केला.

"राहू दे. डोळ्याला नख लावायचं नाही. पुढच्या कातीबरोबर जाईल बहुतेक. नाही गेला तर एका डोळ्याने जगेल. पुष्कळ जण जगतात."

जानूच्या मुठीत ओला पंचा उरला होता आणि पंच्यात फाटक्या कातीचे तुकडे. तो त्यांच्याकडे पाहत बसला.

"माझं कुठे चुकलं, बाबा? तुम्ही हात लावू नकोस म्हणालात."

"हात लावू नकोस म्हणालो. जवळ राहू नकोस असं म्हणालो नव्हतो." वैद्याने परातीतले पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतले आणि तो परत येऊन बसला. एरवी तो इतक्यावरच थांबला असता. त्या दिवशी मात्र बोलला. "मी पेटी माझ्या खोलीत नेत असे, ती काय झोप काढायला? दर प्रहराला गोणपाट ओलं करतो. दगड कोणत्या अंगाला आहे ते पाहतो. कातीतून बाहेर पडताना खरखरीत काही तरी लागतं, जे हलत नाही असं. तू तिच्याभोवतीचं सगळं मऊ केलंस, कोरडं केलंस आणि वर सुतळी बांधलीस. मायेनेच केलंस, मला दिसतंय. जानू, ओढणाऱ्याच्या हातात कातीबरोबर कातडं येतं. आणि सोडून जाणारा निघून गेला की कात अंगावरच वाळते. आज तू काय केलंस? तिला बाहेर काढलं नाहीस. ती आपली आपण आली. तू फक्त जुनं होतं ते जागेवर धरून ठेवलंस, म्हणून तिला त्यातून निघता आलं."

जानूची दृष्टी हळूहळू पंच्यावरून उचलली गेली आणि खाडीपलीकडे गेली. छप्पर होते तेथेच होते. त्या घरात एक आत्या होती, जिने नख लावून ओढले. आणि एक नवरा होता, ज्याने झाकण लावून पेटी माळ्यावर ठेवली आणि त्या कृत्याला दहा महिने समंजसपणा असे नाव दिले. त्या नावाखाली दुसरेच काही होते. ती काय बोलेल, याचे भय होते. बायकोच्या तोंडून एक वाक्य ऐकावे लागू नये म्हणून एक मनुष्य विषाची विद्या शिकावयास आला होता.

"बाबा," तो म्हणाला, "मी इथे कशासाठी आलो ते सापडलं."

"सांगू नकोस. मला काय करायचंय ते."

"घरी जाऊन येतो."

"ओहोटी आहे."

"वळशाने जातो."

वैद्याने त्याच्याकडे एकवार नीट पाहिले. मग धामणीला उचलून पेटीत ठेवता ठेवता तो पुटपुटला, "या वयात मला बेडकांमागे धावायला लावणार हा." जानू कुंपणाबाहेर पडला तेव्हा म्हातारा पेटीत जांभ्याचा दगड ठेवीत होता. त्या मोठ्या अंगणात तो एकटाच होता, आणि त्याने वर पाहिले नाही.

दोन कोसांचा तो रस्ता जानू आयुष्यात फारच थोडक्या वेळा चालला होता. नावाड्याला वळशाचे काम पडत नाही. वाटेत त्याने मनाशी पुष्कळ वाक्ये जुळवली. वारा उलटा होता. तिथी मोजण्यात चूक झाली. क्षमा कर. प्रत्येक वाक्य तयार झाले की त्याला वाटे, हे म्हटले म्हणजे ती पुढे काही बोलणारच नाही. आणि तो ते टाकून देई. घराशी पोचला तेव्हा त्याच्याजवळ एकही वाक्य उरले नव्हते.

येसू ओसरीवर सुपात तांदूळ निवडीत होती. तिने त्याच्या पायांकडे पाहिले. पायांवर चिखल नव्हता, तांबडी धूळ होती.

"वळशानं आलात?"

"हो."

तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. ती पुन्हा निवडू लागली. सुपातला खडा वेचून ती अंगणात टाकी, मग दुसरा शोधी. पलीकडे गणूला कोणी तरी हाका मारीत होते.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"म्हटलं होतंस."

"तुम्ही ऐकलं नाही."

"नाही ऐकलं."

तिचा हात सुपात थांबला. जानूच्या पायांना उठून जाण्याची अनावर इच्छा झाली. दहा महिन्यांपूर्वी ते याच ओसरीवरून उठले होते. तो बसून राहिला. आता ती आणखी बोलेल, शिव्या देईल, देऊ दे, असे त्याने मनाशी ठरवले. परंतु ती बोलली ते निराळेच.

"लाकडं आणायला मीच पाठवलं होतं तिला. ऊन आहे, नंतर जाते, म्हणत होती. मी ओरडले तिच्यावर."

हे जानूला कोणी सांगितले नव्हते. हे कोणालाच माहीत नव्हते. यात तुझा काय दोष, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. ते उच्चारले असते तर ती तेथेच मिटली असती. त्याने ते गिळले.

"मग?" तो म्हणाला.

"मग गेली. कुंपणापर्यंत गेली आणि परत आली. मला वाटलं, पुन्हा नको म्हणायला आली." येसूचा आवाज दहा महिने न वापरल्यासारखा घोगरा झाला होता. "म्हणाली, आई, रागावू नको, येताना तुला करवंदं आणते. मला आवडतात म्हणून. लाकडं काय करवंदीच्या जाळीत असतात होय? लाकडं बाहेरच पडलेली असतात. जाळीत ती माझ्यासाठी शिरली."

वारा पडला होता. जानूने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, तिला समजावले नाही, आणि तो उठलाही नाही. आपल्या मुलीचे शेवटचे बोलणे तो प्रथमच ऐकत होता. तो नावेत तिला उचलून ठेवीत होता तेव्हा ती बोलण्यापलीकडे गेलेली होती. त्याआधीची ती हसरी, ओरडा खाऊन परत फिरलेली तानी त्याच्याजवळ नव्हतीच. ती येथे होती, या ओसरीवर, इतके दिवस.

"किती आणते म्हणाली?" त्याने विचारले.

येसूने सूप बाजूला ठेवले. मग पदराची दोन्ही टोके हातांत धरून तिने तो मांडीवर भरपूर मोठा पसरला आणि, एवढी, असे त्याला दाखवले.